वाकाटक नृपती आणि त्यांच्या सनदा

विदर्भाच्या भूमीवर आणि तिच्या चतुःसीमांपलीकडील विस्तीर्ण मुलखावर सुमारे अडीचशे वर्षे ज्यांचा अंमल चालला, ज्यांच्या कुळातील दुसऱ्याच पुरुषाने चार अश्वमेध करून ‘सम्राट’ ही पदवी धारण केली, ज्यांच्या घरी गुप्त सम्राटाची कन्या सून म्हणून आली आणि पुढे वैधव्यात तिनेच राज्याचा कारभार सांभाळला, ज्यांच्या अमात्यांनी व मांडलिकांनी अजिंठ्याच्या कातळात विहार कोरवले आणि ज्यांच्यापैकी दोघा राजांनी महाराष्ट्री प्राकृतात महाकाव्ये रचली, त्या वाकाटक नृपतींचे नावही एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या लोकस्मृतीत उरलेले नव्हते. शालिवाहन शकाच्या निमित्ताने सातवाहनांची आठवण दर पाडव्याला पंचांग वाचताना होत राहिली. देवगिरीच्या यादवांची आठवण महानुभावांच्या ग्रंथांनी आणि ज्ञानेश्वरीच्या समारोपाच्या ओव्यांनी राखली. वाकाटकांच्या वाट्याला असे काही आले नाही. त्यांनी स्वतःच्या नावाचा शक चालवला नाही, त्यांची बखर कोणी लिहिली नाही आणि त्यांच्या पराक्रमाचा पोवाडा कोणी गायला नाही. मागे राहिले ते पुराणांतील मोजके उल्लेख, लेण्यांतील काही झिजलेले शिलालेख आणि खेड्यापाड्यांतून जमिनीत किंवा जुन्या घरांत पडून राहिलेले ताम्रपट.

या ताम्रपटांचे स्वरूप इनामाच्या सनदांचे आहे. अमुक गाव अमुक ब्राह्मणास दिले, त्याच्या सीमा अशा, त्यावरील वसूल अमुक बाबींपुरता माफ केला, राजाच्या कोणत्याही अधिकाऱ्याने तेथे हरकत करू नये, असा रोखठोक मजकूर त्यांत असतो आणि त्याच्या आरंभी, दात्याची ओळख म्हणून, राजाची वंशावळ येते. ज्या राजघराण्याचा इतिहास अशा दस्तऐवजांवरून रचावा लागतो, त्याच्या लढाया आपणांस फारशा कळत नाहीत; पण त्याने रयतेवरचे कोणते हक्क सोडले, कोणते राखले आणि दिलेला शब्द पुढच्या पिढ्यांनी पाळावा म्हणून कोणती तजवीज केली, हे मात्र पुष्कळ स्पष्टपणे कळते. वाकाटकांचे मोठेपण मोजण्यास हाच मापदंड अधिक योग्य आहे, असे मला वाटते. आणि त्या मापाने ते प्राचीन भारतातील कोणत्याही राजवंशाच्या पंक्तीस बसण्याजोगे ठरतात.

हा वंश पुन्हा उजेडात कसा आला, तेही समजून घेण्यासारखे आहे. शिवनी येथील ताम्रपट जेम्स प्रिन्सेपने 1836 मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा वाकाटक हे नाव आधुनिक विद्वानांच्या कानी प्रथम पडले. पुढे अजिंठ्याचे लेख डॉ. भाऊ दाजी लाडांनी वाचले आणि सोळाव्या लेण्यात त्याच वंशाची नामावळी सापडली. पुराणांत विंध्यशक्तीचे नाव किलकिल राजांच्या लगत येत असल्यामुळे काहींनी या वंशास यवन ठरवले. अक्षरांच्या वळणावरून पं. भगवानलाल इंद्रजी आणि ब्यूलर यांनी त्यांना पाचव्या शतकाच्या सुमारास ठेवले; तर 1888 मध्ये गुप्तकालीन लेखांचा संग्रह सिद्ध करणाऱ्या फ्लीटने ताम्रपटांतील ‘महाराजाधिराज देवगुप्त’ हे नाव मगधाच्या उत्तरकालीन गुप्तांपैकी एका देवगुप्ताचे मानून वाकाटकांना थेट आठव्या शतकापर्यंत खाली ओढले. या वादाचा निकाल लावला तो पुण्यात एका तांबटाच्या घरी मिळालेल्या दोन पत्र्यांनी. 1912 मध्ये का. बा. पाठकांनी ते पत्रे प्रकाशात आणले आणि त्यांतील राणी प्रभावतीगुप्ता ही गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या असल्याचे तिच्याच शब्दांत वाचायला मिळाले. देवगुप्त हे चंद्रगुप्ताचेच दुसरे नाव होते. एका दस्तऐवजाने एक संपूर्ण राजवंश जवळजवळ तीनशे वर्षे मागे, आपल्या खऱ्या जागी, नेऊन बसवला.

वंशाचा मूळपुरुष विंध्यशक्ती हा इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या मध्याच्या सुमारास उदयास आला. सातवाहनांची सत्ता त्या वेळी मोडकळीस आली होती आणि दख्खनेत जागोजागी नवे अधिपती डोके वर काढीत होते. अजिंठ्याच्या लेखात विंध्यशक्तीस वाकाटक वंशाचा केतू, म्हणजे ध्वज, म्हटले आहे आणि तो द्विज असल्याचेही सांगितले आहे; घराण्याचे गोत्र विष्णुवृद्ध. हे घराणे मूळचे कोठले, याविषयी विद्वानांत दीर्घकाळ मतभेद राहिले. काशीप्रसाद जायसवालांनी त्याचे मूळ बुंदेलखंडाकडे शोधले, म. म. वा. वि. मिराशी यांनी मात्र आंध्रातील अमरावतीच्या स्तूपाजवळील एका लेखात आलेल्या ‘वाकाटक’ नावाच्या गृहपतीकडे आणि पल्लवांच्या ताम्रपटांशी असलेल्या भाषासाम्याकडे बोट दाखवून ते दक्षिणेतून आल्याचे प्रतिपादन केले. मूळ कोठलेही असो, घराण्याची कर्मभूमी विदर्भ ठरली.

विंध्यशक्तीचा पुत्र पहिला प्रवरसेन याने या लहानशा सत्तेस साम्राज्याचे रूप दिले. पुराणांत त्याला ‘प्रवीर’ म्हटले असून त्याची कारकीर्द साठ वर्षांची सांगितली आहे. अग्निष्टोम, आप्तोर्याम, उक्थ्य, षोडशी, अतिरात्र, वाजपेय, बृहस्पतिसव आणि साद्यस्क्र हे यज्ञ करून त्याने चार अश्वमेध केले, असे त्याच्या वंशजांचे ताम्रपट पिढ्यान्‌पिढ्या अभिमानाने सांगत आले. संपूर्ण वंशात ‘सम्राट’ ही पदवी त्याच्या एकट्याच्या नावापुढे लागते. त्यानंतरचे सर्व राजे केवळ ‘महाराज’ म्हणवून घेतात आणि राज्य वाढले तेव्हाही पूर्वजाची ती पदवी कोणी उचलली नाही, ही गोष्ट या घराण्याच्या स्वभावावर प्रकाश टाकणारी आहे.

प्रवरसेनाला चार पुत्र होते आणि ते चारही राजे झाले, असे पुराणे सांगतात. लेखांवरून मात्र आपणांस दोनच शाखा ज्ञात आहेत. ज्येष्ठ शाखेची राजधानी पुढे नंदिवर्धन, म्हणजे रामटेकजवळचे आजचे नगरधन, येथे स्थिरावली, आणि धाकटा पुत्र सर्वसेन याने वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम, येथे आपले स्वतंत्र राज्य मांडले. ज्येष्ठ पुत्र गौतमीपुत्र हा पित्याच्या हयातीतच निवर्तला असावा, कारण प्रवरसेनानंतर राज्य आले ते नातू पहिल्या रुद्रसेनाकडे. त्याचा मातामह भारशिव वंशातील राजा भवनाग हा होता. हे भारशिव नाग आपल्या खांद्यावर शिवलिंग वाहत, पराक्रमाने मिळवलेल्या भागीरथीच्या निर्मळ जलाने त्यांचा राज्याभिषेक झालेला होता आणि दहा अश्वमेधांचे अवभृथस्नान त्यांनी केले होते. ही सारी माहिती वाकाटकांच्या ताम्रपटांतच दिलेली आहे; आजोळच्या आधाराचा एवढ्या मोकळेपणाने निर्देश करणारी राजघराणी थोडी सापडतात. रुद्रसेन महाभैरवाचा उपासक होता. त्याचा पुत्र पहिला पृथिवीषेण याचे वर्णन ताम्रपटांत सत्य, आर्जव, कारुण्य, नय आणि विनय या गुणांनी केलेले असून त्याची तुलना युधिष्ठिराशी केली आहे. त्याच्या काळात कोश आणि सैन्य अखंड वाढत राहिले व पुत्रपौत्रांची परंपरा निर्वेध चालली, एवढेच लेखकाने पुढे जोडले आहे. शांततेच्या दीर्घ राजवटीबद्दल इतिहासाजवळ सांगण्यासारखे नेहमीच थोडे असते.

या पृथिवीषेणाच्या उतारवयात उत्तरेकडून सोयरिकीचा प्रस्ताव आला. दुसरा चंद्रगुप्त त्या वेळी माळवा, गुजरात आणि काठेवाड येथील शक क्षत्रपांची सत्ता उखडून काढण्याच्या तयारीत होता, आणि त्या मोहिमेत ज्याचा मुलूख त्याच्या बगलेवर पसरलेला होता तो वाकाटक राजा मित्र असणे किंवा शत्रू असणे यावर पुष्कळ काही अवलंबून होते. चंद्रगुप्ताने नागकुळातील राणी कुबेरनागेपासून झालेली आपली कन्या प्रभावतीगुप्ता पृथिवीषेणाचा पुत्र दुसरा रुद्रसेन यास दिली. रुद्रसेनाचे पूर्वज शैव होते; तो स्वतः मात्र चक्रपाणी विष्णूच्या प्रसादाने वैभव मिळाल्याचे सांगतो. ही गुप्तकुलातून आलेल्या भागवत धर्माची छाया असावी. रुद्रसेनास राज्य फार वर्षे लाभले नाही. इ. स. 405 च्या सुमारास तो वारला तेव्हा त्याचे पुत्र अल्पवयी होते, आणि युवराज दिवाकरसेनाच्या नावाने राज्य चालवण्याची जबाबदारी प्रभावतीगुप्तेवर येऊन पडली.

तिचा पुण्याचा ताम्रपट याच कालखंडातील, कारभाराच्या तेराव्या वर्षाचा आहे. नंदिवर्धनाहून सुटलेल्या या सनदेची वंशावळ वाकाटकांपासून सुरू होत नाही, गुप्तांपासून होते. राणी आपले गोत्र पतीचे विष्णुवृद्ध न सांगता माहेरचे धारण सांगते. आणि शिक्क्यावर स्वतःचा निर्देश युवराजाची जननी म्हणून करते. यावरून काही इतिहासकारांनी असे अनुमान काढले की या काळात वाकाटकांचे राज्य गुप्तांच्या वर्चस्वाखाली गेले होते. माहेरचा आधार तिला होता, यात शंका नाही. पण परमुलखातून आलेल्या, तरुणपणी विधवा झालेल्या एका स्त्रीने तेरा वर्षांहून अधिक काळ राज्याची घडी विसकटू दिली नाही, सरहद्दी राखल्या आणि वयात आलेल्या मुलाच्या हाती राज्य अखंड सोपवले, ही कामगिरी केवळ पित्याच्या दराऱ्यावर सोपवून मोकळे होणे अन्यायाचे होईल. कार्तिक शुद्ध द्वादशीस, प्रबोधिनी एकादशीच्या उपवासाचे पारणे करताना, भगवंताच्या पादमूलाशी निवेदन करून तिने दंगुण हे गाव आचार्य चनालस्वामीस दिले. हे दंगुण म्हणजे आजचे हिंगणघाट, असे मिराशींचे मत आहे. तिचा दुसरा ताम्रपट अमरावती जिल्ह्यात ऋद्धपूर येथे मिळाला. पुढे आठ शतकांनी गोविंदप्रभूंच्या वास्तव्याने जे गाव महानुभावांचे तीर्थ झाले, तेच हे ऋद्धपूर. हा ताम्रपट तिने रामगिरिस्वामीच्या चरणांपासून, म्हणजे रामटेकहून दिलेला असून त्या वेळी तिचा पुत्र दुसरा प्रवरसेन याच्या राज्याचे एकोणिसावे वर्ष चालू होते. दिवाकरसेन अकाली गेला; दामोदरसेन आणि प्रवरसेन ही पुढची नावे तिच्याच लेखात येतात. मुलांचे राज्य सुरळीत चालू झाल्यावरही राजमातेचा मान आणि स्वतःच्या नावाने दान देण्याचा अधिकार तिच्याकडे शेवटपर्यंत राहिला, हे या लेखावरून दिसते. रामटेकच्या टेकडीवर केवल-नरसिंहाच्या देवळात सापडलेला त्या काळातील शिलालेखही तिच्या कुटुंबाशी निगडित आहे. नगरधनच्या अलीकडील उत्खननात तिच्या नावाचा मातीचा शिक्का हाती लागला, तेव्हा आजवर फक्त ताम्रपटांवरून ठाऊक असलेल्या राजधानीत तिच्या कारभाराची प्रत्यक्ष खूण मिळाली.

दुसरा प्रवरसेन हा ज्येष्ठ शाखेतील सर्वांत सुपरिचित राजा. त्याच्या एकट्याच्या नावावर डझनाहून अधिक ताम्रपट उपलब्ध आहेत. त्याने आपल्या नावाने प्रवरपूर नावाची नवी राजधानी वसवली. मिराशींनी ती वर्ध्याजवळील पवनार येथे ठरवली. पुढे रामटेकजवळ मनसरच्या उत्खननात भव्य अवशेष निघाल्यावर काही संशोधक तिकडे झुकले. तो परम शैव होता, तरी ‘सेतुबंध’ हे रामकथेवरील त्याचे प्राकृत महाकाव्य प्रसिद्ध आहे. बाणभट्टाने ‘हर्षचरिता’च्या प्रास्ताविकात त्याची कीर्ती गाइली आणि दंडीने महाराष्ट्री प्राकृताची महती सांगताना ‘सेतुबंधा’चाच दाखला दिला. या काव्यास कालिदासाचा हात लागला होता, अशी परंपरा टीकाकारांनी नोंदवली आहे, आणि ‘मेघदूता’तील रामगिरी म्हणजे रामटेक हे मिराशींचे मत मानले तर महाकवीचा आणि या राजसभेचा परिचय असणे अशक्य नाही. प्रवरसेनाच्या पट्टण येथील ताम्रपटाच्या लेखकाचे नावही कालिदास असेच आहे. पण तो सेनापती कात्यायनाच्या हाताखालचा एक लेखक होता, आणि दोघांना एक करण्याचा मोह टाळलेलाच बरा.

मला या राजाच्या काव्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, मोलाचा वाटतो तो त्याचा अचलपूरजवळ चम्मक येथे मिळालेला, राज्याच्या अठराव्या वर्षाचा ताम्रपट. भोजकट राज्यातील मधुनदीच्या काठचे चर्मांक गाव, राजमानाने मोजलेल्या आठ हजार भूमी, शत्रुघ्नराजाचा पुत्र कोंडराज याच्या विनंतीवरून नाना गोत्रांच्या व शाखांच्या एक हजार ब्राह्मणांस दिल्याचे त्यात नमूद आहे. प्रत्यक्ष नावे मात्र त्यांतील थोड्यांचीच कोरलेली आहेत. यानंतर माफ केलेल्या बाबींची जी यादी येते ती लक्षपूर्वक वाचावी. या गावाने कर देऊ नये. राजाच्या शिपायांनी व छत्रधरांनी गावात शिरू नये. सरकारी कामासाठी गाईबैलांची पाळी लावू नये. फुले आणि दूध मागू नये. चराई, कातडी आणि कोळसा घेऊ नये. मिठाच्या खाणीचा हक्क सांगू नये. सर्व प्रकारच्या वेठीतून गाव मुक्त असावे. भूमीत सापडणारे निधी आणि ठेवी गावाच्याच मानाव्यात. माफीची ही यादी उलटी वाचली की जे गाव इनाम नव्हते त्या गावच्या रयतेचे जिणे डोळ्यांपुढे उभे राहते. फिरतीवर आलेल्या अधिकाऱ्याचा मुक्काम पडला की त्याच्या बैठकीला चामडे, चुलीला कोळसा, पूजेला फुले, जेवणाला दूध आणि पुढच्या मजलेला बैल पुरवण्याचे ओझे कुणब्यावर पडत असे. पंधराशे वर्षांपूर्वीच्या विदर्भातील शेतकऱ्याच्या घरावर कोणकोणत्या मागण्या येऊन पडत, याचा इतका नेमका पुरावा कोणत्याही महाकाव्यात मिळणार नाही.

त्याच सनदेत दान घेणाऱ्यांवर घातलेल्या अटीही आहेत, आणि त्या असाधारण आहेत. सप्तांग राज्याचा द्रोह न करणे, ब्रह्महत्या, चोरी, व्यभिचार किंवा राजाला अपाय यांपासून दूर राहणे, युद्धास उभे न राहणे आणि इतर गावांस उपद्रव न देणे, एवढे पाळले तर हे दान चंद्रसूर्य असेतोवर चालेल. या मर्यादा मोडल्या किंवा मोडणाऱ्यास संमती दिली, तर राजाने भूमी परत घेतली तरी ती चोरी ठरणार नाही. दान घेणारा ब्राह्मण आहे म्हणून तो कायद्याच्या वर गेला, असे ही राजसत्ता मानीत नव्हती. याच लेखात आणखी एक वाक्य आहे: पूर्वीच्या राजांनी दिलेली दाने आपण कशी पाळली याचा पाढा, स्वतःच्या पुण्याचे कीर्तन होऊ नये म्हणून, आपण वाचत नाही, असा त्याचा आशय. आत्मस्तुतीने ओसंडणाऱ्या राजशासनांच्या त्या युगात असे वाक्य एखाद्या लेखनिकाने आपणहून घातले असेल, असे मला वाटत नाही. त्याच्यामागे घराण्याची शिस्त आहे.

प्रवरसेनाचा पुत्र नरेंद्रसेन याने कुंतलाच्या राजकन्येशी, अज्झितभट्टारिकेशी, विवाह केला आणि कोसल, मेकल व मालव येथील अधिपती त्याची आज्ञा मानीत, असे ताम्रपट सांगतात. तथापि याच सुमारास बस्तरकडील नलांनी विदर्भावर चाल केली. नल राजा भवदत्तवर्मा याचा ताम्रपट नंदिवर्धनाहून सुटलेला आहे. शत्रूने वाकाटकांच्या जुन्या राजधानीत बसून सनदा दिल्याचा याहून बोलका पुरावा दुसरा नको. नरेंद्रसेनाचा पुत्र दुसरा पृथिवीषेण याने बुडालेल्या वंशाचा उद्धार दोनदा केल्याचे त्याच्या बालाघाट येथील ताम्रपटात म्हटले आहे. हा ताम्रपट मात्र अपुरा आहे: वंशावळ कोरून झाली, पण दान कोणाला आणि कोणते गाव, तो मजकूर लिहिलाच गेला नाही. या शाखेचे नाव त्यानंतर ऐकू येत नाही.

धाकट्या, वत्सगुल्म शाखेचे अस्तित्वही 1939 पर्यंत कोणास ठाऊक नव्हते. त्या वर्षी वाशीम येथे विंध्यशक्ती दुसरा याचा, राज्याच्या सदतिसाव्या वर्षाचा ताम्रपट मिळाला. त्याचा वंशावळीचा भाग संस्कृतात आणि दानाचा मजकूर प्राकृतात आहे, आणि त्यात नांदेडचे प्राचीन नाव येते. त्यातील सर्वसेनाचे नाव वाचल्यावर मिराशींनी अजिंठ्याचा लेख नव्याने तपासला आणि पूर्वी चुकीचे वाचलेले नाव तेथेही सर्वसेनाचेच असल्याचे सिद्ध झाले. मुख्य गोष्ट ही की गावातला पत्रा आणि लेण्यातला कातळ यांनी परस्परांची साक्ष दिली आणि एका राजशाखेचा जन्मदाखला पुरा झाला. हा सर्वसेन स्वतः कवी होता. त्याचे ‘हरिविजय’ हे प्राकृत महाकाव्य आज लुप्त आहे. पण आनंदवर्धनासारख्या साक्षेपी काव्यमीमांसकाने त्याची प्रशंसा केली आहे. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचा विवाह याच वत्सगुल्म नगरीत लावला आहे. नगरीचे राजकीय वैभव मावळून चार शतके उलटल्यावरही कवींच्या मनात तिचे हे स्थान टिकून होते.

या शाखेतील देवसेन विलासी होता आणि राज्याचा भार त्याच्या हस्तिभोज नावाच्या अमात्याने वाहिला. वाशीमजवळ हिस्से-बोराळा येथे देवसेनाच्या काळात सुदर्शन नावाचा तलाव बांधला गेला. तेथील शिलालेखावर शक 380, म्हणजे इ. स. 458, हा काल दिलेला आहे. इतर सर्व लेखांत राज्यवर्षेच असल्यामुळे वाकाटकांच्या कालगणनेस निश्चित आधार पुरवणारा हा लेख अत्यंत मोलाचा ठरला. देवसेनाचा पुत्र हरिषेण याने पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात वंशाचे वैभव शिखरास नेले. कुंतल, अवंती, कलिंग, कोसल, त्रिकूट, लाट आणि आंध्र ही नावे त्याच्या प्रभावक्षेत्रात म्हणून अजिंठ्याच्या लेखात येतात. हरिषेणाचा अमात्य वराहदेव याने सोळावे लेणे कोरवून भिक्षुसंघास अर्पण केले. गवाक्ष, वीथी, वेदिका आणि आतील चैत्यमंदिर यांचे वर्णन त्याच्या लेखात आहे. गुलवाड्याचे घटोत्कच लेणेही त्याचेच. सतरावे लेणे एका मांडलिक राजपुत्राचे आहे. त्याचा धाकटा भाऊ रविसांब अकाली मरण पावला आणि त्या शोकाने जीविताची अनित्यता जाणून थोरल्याने धर्मकार्यास वाहून घेतले, असे तेथील लेख सांगतो. वैदिक यज्ञांचा अभिमान बाळगणाऱ्या राजवंशाच्या छत्राखाली, ब्राह्मण अमात्याच्या आणि शोकाकुल मांडलिकाच्या द्रव्यातून बुद्धाचे हे विहार उभे राहिले, याविषयी त्या लेखांत कोठेही समर्थनाचा किंवा आश्चर्याचा स्वर नाही. त्या काळी ते स्वाभाविक होते.

हरिषेणानंतर हे सारे वैभव थोड्याच वर्षांत कोसळले. अजिंठ्यातील कित्येक लेणी अर्धवट राहिली, ती याच उलथापालथीमुळे, असे अभ्यासक मानतात. दंडीच्या ‘दशकुमारचरिता’च्या आठव्या उच्छ्वासात विदर्भराज पुण्यवर्मा आणि त्याचा विलासी पुत्र अनंतवर्मा यांची कथा आहे. वृद्ध मंत्री वसुरक्षित दंडनीतीचा उपदेश करतो, विहारभद्र नावाचा खुशमस्कऱ्या त्या उपदेशाची टर उडवतो, अश्मकाचा वसंतभानू आपली माणसे पेरून राजाला मृगया, द्यूत आणि मद्य यांच्या नादी लावतो, वनवासीच्या राजाकडून स्वारी करवतो आणि ऐन युद्धात मांडलिक फितूर होऊन राजाचा घात करतात. या कथेत वाकाटकांच्या अंताची हकिकत दडलेली आहे, असे मिराशींनी दाखवून दिले. दंडीच्या पूर्वजांचा निवास अचलपुरात होता, हे ‘अवंतिसुंदरीकथे’त सांगितलेले असल्यामुळे त्या तर्कास बळ येते. कथेचा प्रत्येक तपशील इतिहास म्हणून घेता येणार नाही. पण ज्या राज्याचे पूर्वज दान देतानाही मर्यादा लिहून ठेवीत, ते राज्य मर्यादा विसरलेल्या वारसाच्या हाती बुडाले, ही विदर्भातील आठवण दंडीपर्यंत पोचली असावी. पुढे विष्णुकुंडी राजांनी आपल्या आईचे वाकाटक कुळ अभिमानाने सांगितले, तेवढीच या नावाची शेवटची प्रतिष्ठा.

एवढ्या विवेचनावरून वाचकांच्या लक्षात आले असेल की वाकाटकांचा इतिहास कोणत्याही एका ग्रंथाने आपल्या हाती दिलेला नाही. शिवनी, चम्मक, पुणे, ऋद्धपूर, वाशीम, बालाघाट अशा ठिकाणी मिळालेल्या एकेका पत्र्याने तो थोडा थोडा उजळला आणि प्रत्येक नव्या पत्र्याने आधीची एखादी चूक दुरुस्त केली. मिराशींनी ‘वाकाटक नृपति आणि त्यांचा काल’ हा ग्रंथ 1957 मध्ये मराठीत लिहून हे सारे सामान्य वाचकापर्यंत आणले, तेव्हा ठाऊक नसलेले कित्येक लेख त्यानंतर उजेडात आले आहेत. आणि विदर्भातील शेते अजून नांगरली जात आहेत, विहिरी खणल्या जात आहेत, जुने वाडे पाडले जात आहेत. म्हणून माझी विनंती आहे की नांगराच्या फाळाला किंवा पाडलेल्या भिंतीत अक्षरे कोरलेला तांब्याचा पत्रा लागला, तर तो मोडीच्या भावाने विकू नये, घासूनपुसून चकचकीत करू नये आणि देवघरात ठेवून विसरू नये. जमिनीत सापडलेल्या अशा निधीची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांना देणे 1878 च्या कायद्यानेही बंधनकारक आहे. पत्र्याबरोबर तो ज्या गटात, ज्या जागी आणि जितक्या खोलीवर सापडला त्याची नोंदही द्यावी, कारण पत्रा जितका बोलतो तितकीच त्याची जागाही बोलते. ज्या राजांनी रयतेला दिलेला शब्द तांब्यावर कोरून ठेवला, त्यांचा तो शब्द सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी आता आपली आहे.